घरचा नॅस सारखा गायब होतो? डिस्कला हात लावण्याआधी एवढं तपासा

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांच्या फाइली ठेवणारी डिस्कांची पेटी. आधी लक्षणं बघू. तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते ओळखा, कारण तपासणी कुठून सुरू करायची ते त्यावरच ठरतं.

- नॅसचं फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडलेल्या (‘मॅप’ केलेल्या), कालपर्यंत नीट चालणाऱ्या झेड ड्राइव्हवर आज लाल फुली आहे. क्लिक केलं की ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ आणि ८००७००३५ वर संपणारा एरर.
- मोबाइलवर फोटो दिसतात, लॅपटॉपवर नॅसचा पत्ताच नाही. किंवा बरोबर उलटं.
- नॅस दिसतो, पण पासवर्ड टाकला की तीच चौकट पुन्हा समोर येते.
- छोट्या फाइली जातात, लग्नाचा व्हिडिओ टाकला की अर्ध्यात अडकतो.
- सगळं जातं, पण वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर सरकत नाही.
- ठरावीक फाइलीच जात नाहीत, आणि त्या बहुतेक मराठी नावांच्या असतात.
- घरात चालतो, बाहेरगावी गेलं की उघडत नाही.
- वीज जाऊन आली की नॅस उठत नाही, किंवा उठतो आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडतो.
- बीप वाजतोय, किंवा एखाद्या डिस्कचा दिवा लाल अथवा नारिंगी झालाय.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट आठव्या आणि नवव्या भागाकडे जा.

बाकी सगळ्या लक्षणांत तुमचा डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. नॅस म्हणजे डिस्का, एक छोटा लिनक्स संगणक आणि तिथपर्यंत जाणारी वाट. बिघडते ती वाट: पत्ता, पासवर्ड, वायर नाहीतर वीज. ओळखीतल्यांचे, सोसायटीतल्यांचे, छोट्या फोटो स्टुडिओंचे नॅस मी वर्षानुवर्षं सुरू करून देतोय. त्यांत डेटा खरोखर गेलेला पाहिला तो बहुतेक घाईमुळे. नॅस दिसत नाही म्हणून डिस्क बाहेर काढतात, विंडोजच्या पीसीला लावतात. विंडोजला लिनक्सची फाइल सिस्टिम वाचता येत नाही, त्यामुळे ते डिस्क फॉरमॅट करायची का असं विचारतं. माणूस आधीच घाबरलेला असतो, तो ‘हो’ दाबतो. मुलांचे बालपणीचे सगळे फोटो अशा एका क्लिकने गेलेले मी पाहिलेत. म्हणून खालचा क्रम मोडू नका. फुकटात होणारं आधी, डिस्का सगळ्यात शेवटी.

१. दोन्ही उपकरणं एकाच नेटवर्कवर आहेत का?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं, आणि आपल्याकडे सर्वाधिक घरांत दुखणं इथेच निघतं.

फायबर कंपनी जो डबा बसवून जाते तो स्वतःच वायफाय देतो. ते आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणतो आणि पहिल्याला केबलने जोडतो. झाली घरात दोन नेटवर्क. दुसऱ्या राउटरच्या आतल्या उपकरणांना पहिल्यापर्यंत जाता येतं, पण पहिल्यावर असलेल्यांना दुसऱ्याच्या आतलं काही दिसत नाही. नॅस दुसऱ्या राउटरला आणि लॅपटॉप कंपनीच्या वायफायला असेल, तर कितीही रीस्टार्ट करा, काही उपयोग नाही. मोबाइल मात्र कधी या वायफायवर, कधी त्या. म्हणून तर ‘मघाशी दिसत होता’ असं होतं.

तपासायला सोपं आहे. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड द्या, लॅपटॉपचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, दिसेल. नॅसचा अ‍ॅड्रेस राउटरच्या पानावर, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत मिळतो. दोन्ही अ‍ॅड्रेसचे पहिले तीन आकडे सारखे हवेत. एक १९२.१६८.२९ ने सुरू होतोय आणि दुसरा १९२.१६८.० ने, तर दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत. उपाय: दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका. मग तो फक्त वायफाय पसरवतो, वेगळं नेटवर्क करत नाही. हा मोड नसेल तर कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा आणि घरातलं सगळं आपल्या राउटरवर आणा.

याच तपासणीत आणखी तीन गोष्टी बघून घ्या. ‘गेस्ट’ वायफायवर असलेल्या उपकरणांना घरातलं दुसरं काही दिसू नये अशीच व्यवस्था असते. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी बोगदा, चालू असेल तर पुष्कळदा सगळी वाहतूक ऑफिसकडे वळते आणि शेजारच्या टेबलावरचा नॅसही दिसेनासा होतो. घरून काम करणाऱ्यांनी हे सर्वांत आधी तपासावं. तिसरं म्हणजे परवानगी. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून आणि मॅकवर २०२४ च्या सेकोया आवृत्तीपासून प्रत्येक अ‍ॅपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी वेगळी द्यावी लागते. पहिल्या वेळी ‘नको’ दाबलं गेलं असेल तर अ‍ॅपला नॅस दिसणार नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा.

२. नावाने नको, आकड्याने उघडून बघा

फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन नॅसचा आयपी अ‍ॅड्रेस टाका. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून तोच अ‍ॅड्रेस द्या. अ‍ॅड्रेस सापडत नसेल तर सिनॉलॉजी कंपनीच्या नॅससाठी ‘सिनॉलॉजी असिस्टंट’ आणि क्यूनॅपसाठी ‘क्यूफाइंडर प्रो’ हे मोफत प्रोग्रॅम नेटवर्कवरचा नॅस शोधून देतात.

अ‍ॅड्रेस टाकल्यावर उघडला? मग नॅस ठणठणीत आहे. बिघाड फक्त नाव शोधण्याच्या पद्धतीत आहे. विंडोजमधली ‘नेटवर्क’ची यादी पूर्वी एसएमबी १ या फाइली शेअर करण्याच्या जुन्या प्रोटोकॉलच्या आधारावर चालायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच प्रोटोकॉलमधल्या भोकातून जगभर पसरला. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ देणं बंद केलं. त्यामुळे जुने नॅस यादीतून नाहीसे झाले.

व्हिडिओंमध्ये याला झटपट उपाय म्हणून एसएमबी १ पुन्हा चालू करायला सांगतात. कृपा करून करू नका. नॅस दिसेल हे खरं, पण घराचं बंद केलेलं दार तुम्ही पुन्हा उघडं टाकलेलं असेल. त्याऐवजी नॅसच्या सेटिंगमध्ये किमान एसएमबी २ ठेवा, ‘डब्ल्यूएस-डिस्कव्हरी’ ही यादीत नाव दाखवण्याची नवी पद्धत चालू करा, आणि ड्राइव्ह मॅप करताना नावाऐवजी आयपी अ‍ॅड्रेस वापरा. यादीत दिसला नाही तरी ड्राइव्ह चालतो, आणि आपल्याला तोच हवा असतो.

३. पत्ता पक्का करा

आकड्याने मॅप केलेला ड्राइव्हही काही दिवसांनी तुटतो, कारण पत्ता राउटर वाटतो आणि तो बदलू शकतो. वीज जाऊन आली की हे हमखास घडतं. नॅस आणि राउटर एकदमच उठतात, राउटर आधीचं वाटप विसरलेला असतो, आणि काल नॅसकडे असलेला पत्ता आज टीव्हीला गेलेला असतो. राउटर उठायच्या आत नॅस उठला तर त्याला पत्ताच मिळत नाही आणि तो १६९.२५४ ने सुरू होणारा अ‍ॅड्रेस स्वतःच घेऊन बसतो. हा आकडा दिसला की समजायचं, राउटरशी त्याचं बोलणंच झालेलं नाही. राउटर पूर्ण सुरू होऊ द्या, मग नॅसच्या मेनूतून किंवा बटणाने रीतसर रीस्टार्ट करा.

कायमचा उपाय दोन ठिकाणी करता येतो. नॅसमध्ये ‘स्टॅटिक’, म्हणजे न बदलणारा, अ‍ॅड्रेस लिहून ठेवता येतो, किंवा राउटरमध्ये नॅसच्या मॅक अ‍ॅड्रेससाठी, म्हणजे त्याच्या नेटवर्क पोर्टच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी, पत्ता राखून ठेवता येतो. बहुतेक जण पहिलं सुचवतात. माझं मत ठामपणे दुसऱ्याच्या बाजूने आहे. आपल्याकडे लोक इंटरनेट कंपनी बदलतात, नवा डबा येतो, आणि त्याची आकड्यांची मालिका वेगळी असते. नॅसमध्ये जुना पत्ता कोरून ठेवलेला असेल तर तो नव्या नेटवर्कवर एकटा पडतो, त्याच्या सेटिंगच्या पानापर्यंतही पोचता येत नाही. राउटरमध्ये राखलेला पत्ता असेल तर नॅस नव्या राउटरकडून निमूट नवा पत्ता घेतो.

आत्ता तुम्ही त्याच पेचात असाल तर नॅस केबलने थेट लॅपटॉपला जोडा, लॅपटॉपला तात्पुरता जुन्या मालिकेतला पत्ता द्या आणि नॅसमध्ये जाऊन सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ करा. जुना पत्ताच आठवत नसेल तर मागचं रिसेटचं बारीक भोक आहे. सिनॉलॉजीवर ते चार सेकंद, म्हणजे एक बीप येईपर्यंत दाबलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग पूर्ववत होतात, डेटाला धक्का लागत नाही. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर मात्र ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायची प्रक्रिया सुरू होते. कंपनीप्रमाणे हे सेकंद आणि परिणाम बदलतात, म्हणून आपल्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून, वाचून मगच टाचणी घाला.

४. पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नाही

इथे जरा थांबतो, कारण हा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त छळतो.

पहिली गोष्ट: नॅसला लॅपटॉप उघडायचा पिन किंवा मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड चालत नाही. नॅसवर तुमच्या नावाचं जे खातं केलंय, त्याचं नाव आणि त्याचा पासवर्ड हवा.

दुसरी: विंडोज एकाच नॅसशी एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडू देत नाही. ‘फोटो’ फोल्डर बाबांच्या नावाने उघडलंय आणि ‘हिशोब’ तुमच्या नावाने उघडायला गेलात, तर १२१९ क्रमांकाचा एरर येतो किंवा नुसतीच चौकट परत येते. मॅप केलेले ड्राइव्ह डिस्कनेक्ट करा, विंडोज पासवर्ड साठवतं त्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जाऊन नॅसच्या जुन्या नोंदी काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, मग एकाच नावाने सगळं जोडा.

तिसरी जुन्या सवयीतून येते. पुष्कळ घरांत नॅस बिनपासवर्डाचा, ‘गेस्ट’ म्हणून उघडत असे. विंडोज ११ च्या २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीत, प्रो प्रकारात, गेस्ट प्रवेश मुळातच बंद आहे आणि प्रत्येक जोडणीवर सही, म्हणजे एसएमबी साइनिंग, सक्तीचं आहे. अपडेट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी नॅस बंद पडला असेल तर कारण बहुधा हेच. विंडोजची ही सक्ती काढण्याचे मार्ग सापडतील, ते घेऊ नका. नॅसवर घरातल्या प्रत्येकाचं पासवर्डासह खातं करा. दहा मिनिटांचं काम आहे.

चौथी सर्वांत फसवी. तुम्ही नॅसचा पासवर्ड बदलता. आतल्या खोलीतला जुना लॅपटॉप जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोठावत राहतो. नॅसला वाटतं कुणीतरी घुसायला बघतंय, आणि तो त्या लॅपटॉपचा पत्ता ब्लॉक करतो. मग त्या एकाच लॅपटॉपवरून नॅस पूर्ण नाहीसा, आणि बाकी सगळीकडे व्यवस्थित. मोबाइलवरून नॅसचं सेटिंगचं पान उघडा, सुरक्षेच्या विभागात ब्लॉक केलेल्या पत्त्यांची यादी असते, तिथून तो काढा. त्याआधी त्या लॅपटॉपमधला जुना पासवर्ड पुसा, नाहीतर तासाभरात तो परत त्याच यादीत जाईल.

५. वायर

वेग ११ एमबीवर अडकला असेल तर डिस्क बदलायचा विचारही करू नका. हा आकडा वायरचाच आहे. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून सेकंदाला कागदावर साडेबारा आणि प्रत्यक्षात ११ च्या आसपास एमबी जातात. गिगाबिट जोडणीतून तेच ११० च्या आसपास जातात. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल, फॉल्स सीलिंगमध्ये उंदराने कुरतडली असेल किंवा बसवणाऱ्याने चार तारांतच काम उरकलं असेल, तर केबल बंद पडत नाही. गुपचूप १०० वर उतरते, आणि कधी वर, कधी खाली करत मधूनच तुटते.

नॅस उचला, राउटरच्या शेजारी ठेवा, दुकानातून तयार तोंडांची मीटरभर लांबीची कॅट ६ केबल आणा, आणि तिनेच जोडा. वेग वाढला तर जुनी वायर दोषी. नवी घेताना पूर्ण तांब्याची मागा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर त्रास देते आणि वाकवली की आतून तुटते. राउटरचा पोर्टही बघा. काही डब्यांत चारपैकी एकच पोर्ट गिगाबिट असतो.

नॅस नेहमी केबलवरच ठेवा. लॅपटॉप वायफायवर असेल तर मोठी कॉपी करताना तोही केबलवर घ्या. आणि छोट्या फाइली जातात, मोठ्या अडकतात असं होत असेल तर नॅसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, किती आहे ते बघा. वेग वाढावा म्हणून कुणीतरी तिथे ९००० करून ठेवलेलं असतं. मधला एक जरी स्विच ते पेलणारा नसेल तर मोठी पाकिटं वाटेतच गळतात. १५०० करा. घरच्या नेटवर्कवर ९००० चा फायदा इतका थोडा आहे की त्यासाठी ही डोकेदुखी घेऊ नये.

६. मराठी नावांच्या फाइली

ही अडचण परदेशी मार्गदर्शकांत क्वचितच सापडते, म्हणून सविस्तर लिहितो.

नॅसवर वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी४ आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटची असते. मर्यादा बाइटची आहे, अक्षरांची नाही. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द ११ चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटचा. म्हणजे देवनागरी नावाला जेमतेम ८५ चिन्हं मिळतात. विंडोजची मर्यादा वेगळ्या हिशोबाची असल्याने लॅपटॉपवर चालणारं लांबलचक नाव नॅस नाकारतो. सिनॉलॉजीवर ‘एन्क्रिप्टेड’, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारं, शेअर्ड फोल्डर केलं असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे देवनागरीत फक्त ४७ चिन्हं. कीर्तनाच्या रेकॉर्डिंगला गाव, तिथी, बुवांचं नाव आणि अभंगाची ओळ असं सगळं नावातच लिहिणारे अनेक जण आहेत. त्यांच्याच फाइली अडतात. तारीख आणि दोन शब्द नावात ठेवा, बाकीची माहिती फोल्डरच्या नावात जाऊ द्या.

दुसरा गुंता ‘ऱ्या’चा आहे. ‘दुसऱ्या’, ‘सह्याद्रीच्या कडेकपाऱ्या’ यांतला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं फोडून दुसऱ्या प्रकारे साठवत असे. त्यामुळे जुन्या मॅकवरून आलेलं आणि विंडोजवर टाइप केलेलं, अशी एकाच नावाची दोन फोल्डरं शेजारी शेजारी दिसतात, नाहीतर शोधल्यावर फाइल सापडत नाही. एक फोल्डर उघडून आतलं दुसऱ्यात हलवा आणि रिकामं झालेलं पुसा. दोन्हींत एकाच नावाच्या फाइली असतील तर ‘रिप्लेस’ म्हणण्याआधी आकार आणि तारीख ताडून बघा.

७. भरलेली जागा, झोपलेली डिस्क, बाहेरून प्रवेश

नॅस १०० टक्के भरला की नुसतं लिहिणं थांबत नाही. आतल्या सेवा अडखळतात, कधी लॉगइनही होत नाही. फाइली पुसूनही जागा मोकळी होत नसेल तर नॅसची रिसायकल बिन आणि स्नॅपशॉट, म्हणजे नॅसने राखलेल्या फाइलींच्या जुन्या अवस्था, बघा, पुसलेला माल तिथेच पडून असतो. पाचवा हिस्सा कायम मोकळा ठेवावा असं मी सांगतो.

बराच वेळ कुणी न वापरल्याने डिस्क झोपलेली असेल तर पहिल्या क्लिकला जागं व्हायला वेळ लागतो आणि विंडोज तेवढ्यात हात टेकतं. पुन्हा क्लिक केल्यावर उघडत असेल तर तो बिघाड नाही. नको असेल तर डिस्कचं हे झोपणं, म्हणजे ‘हायबरनेशन’, बंद करा.

बाहेरून उघडत नसेल तर राउटरच्या पानावरचा इंटरनेटकडचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक घरांत वाटतेय. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून काही होणार नाही, आणि होत असलं तरी करू नका. जून २०२१ मध्ये जगभरातले डब्ल्यूडीचे (वेस्टर्न डिजिटलचे) माय बुक लाइव्ह नॅस इंटरनेटवरून रिकामे केले गेले. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या नॅसमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. टेलस्केल किंवा वायरगार्डसारखा व्हीपीएन वापरा. त्यातही टेलस्केल सीजीनॅटमागून चालतं आणि बसवायला सोपं आहे.

८. वीज, आणि मग डिस्कचं आरोग्य

आता पैसे लागतील अशा गोष्टींकडे येतो.

साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टच्या लाइनवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. दोन डिस्का म्हणजे चार. दोन डिस्कांच्या नॅसचा अ‍ॅडाप्टर साधारण १२ व्होल्ट ५ अँपिअरचा असतो, म्हणजे फार मोकळीक नाही. टीव्हीच्या कपाटामागे, हवा नसलेल्या जागी तापून तो काही वर्षांनी दमतो. मग नॅस सुरू होतो, डिस्का फिरायला लागतात, व्होल्टेज पडतं, नॅस परत बंद. किंवा रात्री बॅकअपच्या वेळी आपोआप रीस्टार्ट होतो. मल्टिमीटर नुसत्या पिनेला लावून १२ दिसले म्हणून फसू नका. भार नसताना दमलेला अ‍ॅडाप्टरही १२ दाखवतो. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा, त्याच पिनेचा आणि त्याच ध्रुवांचा दुसरा चांगल्या प्रतीचा अ‍ॅडाप्टर लावून बघणं हीच खरी परीक्षा.

घरचा इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर नसेल तर वीज जाताना मधला क्षण नॅसला सहन होत नाही. यूएसबी केबल असलेला छोटा यूपीएस घ्या, ती केबल नॅसला जोडा आणि नॅसमध्ये यूपीएसची सेटिंग चालू करा. बॅटरी संपत आली की नॅस स्वतः शहाण्यासारखा बंद होतो. फायबरचा डबा आणि राउटरही त्याच यूपीएसवर ठेवा. वळवाच्या गडगडाटात गच्चीवरून किंवा इमारतीबाहेरून आलेली नेटवर्कची तांब्याची केबल काढून ठेवा. विजेच्या झटक्याने नॅसचा नेटवर्क पोर्ट जळतो, मग नॅस सुरू दिसतो पण पोर्टचा दिवा कोणत्याही केबलने लागत नाही.

इथवर काही सापडलं नाही तरच डिस्का. त्याही आधी फक्त वाचा. नॅस उघडत असेल तर स्टोरेजच्या विभागात ‘स्मार्ट’ची, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या आरोग्याच्या नोंदींची, माहिती असते. क्रमांक ५ म्हणजे बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे), १९७ म्हणजे वाचता न आल्याने अडकलेले, १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले. यांपैकी १९७ किंवा १९८ शून्याच्या वर असेल, किंवा ५ चा आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, तर डिस्क जायच्या वाटेवर आहे. १९९ वेगळा आहे. तो डिस्क आणि नॅस यांच्यातल्या जोडणीचा दोष सांगतो. नॅस बंद करून तो ट्रे काढून नीट बसवला की हा आकडा पुष्कळदा वाढायचा थांबतो.

डिस्क बदलायची वेळ आली तर आधी बॅकअप, मग बदल. दोन डिस्कांवर एकच माल असणं म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. महत्त्वाचं सगळं आधी यूएसबी डिस्कवर उतरवा, कारण नवी डिस्क भरताना जुन्या डिस्कवर दिवसभर ताण येतो आणि दुसरी डिस्क पडते ती अशाच वेळी. नवी डिस्क सीएमआर प्रकारची, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली, आहे ना, हे खरेदीआधी पाहा. एसएमआर प्रकारात ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, सलग लिहिताना ती फार मंदावते आणि नॅस तिला मेलेली समजून बाहेर काढू शकतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलला मान्य करावं लागलं की २ ते ६ टीबीच्या काही डब्ल्यूडी रेड डिस्का एसएमआर होत्या. त्यानंतर सीएमआरवाल्या ‘रेड प्लस’ या नावाने येऊ लागल्या.

९. इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही असेल तर स्वतः काही करू नका.

डिस्कमधून खट-खट किंवा घासल्यासारखा आवाज येतोय. व्हॉल्यूम, म्हणजे फाइली ठेवलेला डिस्कांचा एकत्रित साठा, ‘क्रॅश्ड’ दिसतोय. एकापेक्षा जास्त डिस्का एकदम बाहेर पडल्यात. नॅस ‘इनिशिअलाइज’, म्हणजे डिस्क पुसून नव्याने सुरुवात, करायची का विचारतोय, आणि आत तुमचा माल आहे. फाइलींची नावं बदलून खंडणीची चिठ्ठी आलीय. जळका वास येतोय. अशा वेळी ‘रिपेअर’ दाबू नका, डिस्कांची अदलाबदल करू नका. आवाज किंवा वास असेल तर लगेच, नाहीतर रीतसर नॅस बंद करा. खंडणीचा प्रकार असेल तर आधी नेटवर्कची केबल काढा आणि चिठ्ठीचा फोटो घ्या. प्रत्येक डिस्कवर मार्करने ती कितव्या कप्प्यातली आहे ते लिहा, मगच बाहेर काढा.

नॅसच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते काम इलेक्ट्रिशियनचं, अर्थिंग तपासून घ्या. फायबरचा डबा स्वतःहून रीस्टार्ट होत असेल तर इंटरनेट कंपनीला तक्रार करा, नॅसचा त्यात दोष नाही.

डेटा रिकव्हरीवाल्याकडे जाताना चार गोष्टी विचारा: मूळ डिस्कची पूर्ण प्रत काढून त्या प्रतीवरच काम करणार का, गरज पडल्यास डिस्क उघडायला क्लीन रूम, म्हणजे धूळमुक्त खोली, आहे का, तपासणीचे पैसे किती आणि ते लेखी देणार का, डेटा मिळाला नाही तर काय आकारणार. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर डिस्क तिथे सोडू नका. डिस्क वॉरंटीत असली तरी डेटा हवा असेल तोवर ती बदलायला पाठवू नका. वॉरंटीत बदली डिस्क मिळते, तुमचा डेटा नाही, आणि जुनी परत येत नाही. सोबत कागदावर लिहून न्या: नॅसचं मॉडेल, किती डिस्का, कुठलं ‘आरएआयडी’ (रेड), म्हणजे डिस्का एकत्र कशा बांधल्या होत्या, फोल्डर एन्क्रिप्टेड होतं का आणि त्याची किल्ली कुठे आहे, बिघाड कधी दिसला, आणि त्यानंतर तुम्ही कोणकोणती बटणं दाबलीत. हे शेवटचं काही न लपवता सांगा, पुढचं काम कुठून सुरू करायचं ते त्यावरच ठरतं.